उत्तरेच्या भिंतीवर ऊन येईपर्यंत

डिसेंबरातल्या एका रविवारी पहाटे साडेचारला घरातून निघाले, तेव्हा खिशात सहा ठिकाणांची यादी होती. पक्ष्यांसाठी एक तळं, एक गवताळ माळ, जुना दगडी पूल, एक धबधबा, टेकडीवरचा लहानसा किल्ला आणि परतीच्या वाटेवर सूर्यास्तासाठी एक खिंड. सुट्टी एकच, तर ती पुरेपूर वापरायची, असा हिशोब होता. सहाही ठिकाणं झाली. रात्री नऊला घरी आले, कार्ड संगणकाला लावलं, तर ६४० फोटो. ते चाळायला दोन रात्री लागल्या आणि ठेवण्याजोगे निघाले दोन.

बाकीचे बिघडलेले होते असं नाही. फोकस नीट होता, उजेड कमी-जास्त झालेला नव्हता. पण तळ्यावर पोचेपर्यंत साडेआठ झाले होते आणि बदकं मधोमध जाऊन चोची पिसांत खुपसून झोपली होती. किल्ला भर दुपारी पाहिला. ऊन डोक्यावरून पडत होतं, बुरुजाच्या दगडांना काही उठावच उरला नव्हता. खिंडीत पोचले तेव्हा सूर्य मावळून दहा मिनिटं झाली होती. पूल तेवढा बरा मिळाला, कारण तिथे नेमके ढग आले. दिवसाची आखणी मी किलोमीटरवरून केली होती. कुठून कुठे किती अंतर, वाटेत काय लागतं, रस्ता कसा आहे. उजेड कुठून येणार, हा प्रश्न त्या कागदावर कुठेच नव्हता.

पुढच्या खेपेपासून यादीतलं एकच ठिकाण ठेवलं: तो किल्ला. फार मोठा नाही. माथ्यावर तटबंदी, तीन बुरूज शाबूत, एक दरवाजा, आत पडझड. पण पायथ्याशी दुसरं एक तळं आहे, आणि तळ्यापासून दरवाजापर्यंतच्या दीड-दोन किलोमीटरच्या पट्ट्यात शेतं, बांध, एक विहीर आणि चरायला सोडलेली गुरं. पक्षी, शिवार आणि जुनी वास्तू, तिन्ही पायी फिरण्याच्या अंतरात. एप्रिलच्या मध्यापर्यंत मी तिथे अकरा वेळा गेले, दर वेळी पहाटे जाऊन रात्री परत. जागेचं नाव मुद्दाम लिहीत नाही. त्याचं कारण पुढे येईल.

सुरुवातीच्या दोन-तीन फेऱ्यांत मी फोटोंपेक्षा वहीच जास्त भरली. किती वाजता ऊन कुठे पडतं, कोणती भिंत कधी सावलीत जाते, गुरं कोणत्या वाटेने येतात. सूर्य क्षितिजापासून साधारण सहा अंशांच्या आत असतो तोवर ऊन पिवळं आणि मऊ असतं, कारण किरणांना हवेचा जाड थर तिरका ओलांडून यावं लागतं आणि निळा प्रकाश वाटेतच विखुरला जातो. हे मी वाचलेलं होतं. पण पृथ्वी तासाला १५ अंश फिरते, म्हणजे हा अवधी जेमतेम अर्ध्या तासाचा, हे वहीत वेळा लिहायला लागल्यावर अंगात भिनलं. विषुववृत्ताजवळच्या प्रदेशांत सूर्य जवळजवळ सरळ वर चढतो, त्यामुळे हा काळ भर्रकन संपतो. ध्रुवांकडे जावं तसा तो लांबत जातो.

अडचण अशी, की तिन्ही विषयांना हवा असतो तो हाच अर्धा तास. पक्षी तेव्हाच चरतात, धुकं तेव्हाच असतं, तटबंदीचा दगड तेव्हाच उठून दिसतो. एका सकाळी तिन्ही मिळत नाहीत. म्हणून आदल्या रात्रीच ठरवायचं, उद्याचा पहिला उजेड कोणाचा. पक्ष्यांचा ठरला तर किल्ला त्या दिवशी फक्त बघायचा. हे ठरवणं मला सगळ्यात जड गेलं. तळ्याकाठी बसलेली असताना समोरचा बुरूज केशरी होत असायचा आणि पाय शिवशिवायचे. दोनदा उठलेही. दोन्ही वेळा पक्षी उडाले आणि बुरुजापाशी पोचेपर्यंत रंगही गेला.

तयारीबद्दल थोडक्यात सांगते. बॅटऱ्या, कार्ड, लेन्स पुसणं हे सगळं आदल्या रात्री. गाडीत गार हवा चालू असेल आणि बाहेर दमट असेल तर कॅमेरा बॅगेतून लगेच काढायचा नाही, काचेवर बाष्प धरतं. बॅग बंदच ठेवून पंधरा-वीस मिनिटं जाऊ द्यायची. आणि तिसऱ्या फेरीत घडलेली एक चूक: पहाटेच्या अंधुक उजेडात आयएसओ, म्हणजे कॅमेऱ्याची उजेडाबाबतची संवेदनशीलता, ३२०० वर नेला होता, तो तसाच राहिला. नऊ वाजता लख्ख उन्हात काढलेल्या दरवाजाच्या फोटोंत दगडाच्या पोतावर सगळीकडे रवाळ कण आले. तेव्हापासून तळ्याकाठून उठले, की पहिलं पाऊल टाकण्याआधी तीन गोष्टी जागेवर आणते. आयएसओ १००, एक्सपोजर कॉम्पेन्सेशन (कॅमेऱ्याने धरलेला उजेड कमी-जास्त करण्याची सोय) शून्य, बर्स्ट (एका दमात अनेक फोटो) बंद.

आता पक्षी. माझी लांब लेन्स ३०० मिलिमीटरची, आणि कॅमेऱ्याचा सेन्सर, म्हणजे प्रकाश टिपणारा भाग, लहान असल्यामुळे दृश्य ४५० मिलिमीटरइतकं आवळून येतं. हातात धरून काढायचं तर शटर स्पीड, म्हणजे शटर उघडं राहण्याचा वेळ, एक भागिले तो आकडा, म्हणजे निदान १/५०० सेकंद हवा, हा जुना ठोकताळा. पण तो आपला हात हलतो त्यापुरता. पक्षी हलतो त्याचं गणित वेगळं. बसलेल्या बगळ्याला १/५०० पुरतो. तोच उडाला, की पंखांची टोकं विरघळतात आणि तिथे १/२००० लागतो. पहाटे एवढा उजेड नसतो. मग मी उडणाऱ्या पक्ष्यांचा नाद सोडला आणि पहिला पाऊण तास बसलेल्या, पाण्यात उभ्या असलेल्या पक्ष्यांनाच दिला.

गायबगळ्यांनी मला एक्सपोजर शिकवलं. हे बगळे गुरांच्या पायांशी चालतात, कारण खुरांनी गवतातले किडे उठतात आणि यांना आयते मिळतात. काळसर गुरं, मागे झाडांची सावली आणि मध्ये एक पांढराशुभ्र पक्षी. कॅमेऱ्यातलं उजेड मोजणारं मीटर समोरचं दृश्य सरासरी मध्यम करडं आहे असं धरून चालतं. एवढा काळोख दिसला की ते उजेड वाढवतं आणि बगळ्याच्या जागी कोरा पांढरा ठिपका उरतो, एक पीस दिसत नाही. उपाय सोपा आहे, कॉम्पेन्सेशन उणे एक, कधी उणे दीड, आणि हिस्टोग्रामचा, म्हणजे फोटोतल्या काळ्या-पांढऱ्याच्या आलेखाचा, उजवा काठ बघत राहायचं. अंधारलेला भाग रॉ फाईलमधून, म्हणजे सेन्सरने टिपलेल्या कच्च्या माहितीतून, बराच वर काढता येतो. १४ बिटच्या फाईलमध्ये प्रत्येक रंगाच्या १६,३८४ पायऱ्या असतात, जेपेगमध्ये २५६. पण पांढरं एकदा जळलं, की त्यात परत आणण्यासारखं काही उरत नाही.

दोन फेऱ्या मी लेन्सला दोष देत होते. अकराच्या सुमारास तळ्यापलीकडच्या पक्ष्यांचे फोटो मऊ यायचे, जणू पातळ तेलातून काढलेत. ट्रायपॉड लावला, शटर वाढवला, फोकस हाताने केला, तरी तेच. मग एकदा डोळा व्ह्यूफाईंडरला लावून नुसती बघत राहिले, तेव्हा पलीकडचा काठ थरथरताना दिसला. तापलेल्या जमिनीवरची हवा वर उठत होती आणि प्रकाश वाकवत होती. लेन्स जितकी लांब आणि मधली हवा जितकी जास्त, तितकं हे वाढतं. याला काचेत उपाय नाही. सकाळी लवकर यावं किंवा जवळून काढावं. जवळून काढायचं म्हणजे पाठलाग करायचा नाही, पक्षी जिथे येतो तिथे आधी जाऊन बसायचं. रिचर्ड आणि चेरी कीर्टन या इंग्रज भावांनी सव्वाशे वर्षांपूर्वी आतून पोकळ असा बैल तयार केला होता. त्याच्या पोटात शिरून ते पक्ष्यांचे फोटो काढत. पक्ष्यांना माणूस खुपतो, चरणारा बैल खुपत नाही. मला त्यातलं एवढंच घेता आलं, की मातकट कपडे घालायचे, झुडपाला पाठ लावायची आणि वीस मिनिटं हलायचं नाही. वीस मिनिटांनंतर तळं आपल्याला विसरतं. पाण्यावर ओणवलेल्या एका वाळक्या फांदीवर खंड्या पुन्हा पुन्हा येऊन बसायचा. मी फांदीवर आधीच फोकस लावून ठेवला. सातव्या फेरीत तो मासा घेऊन तिथेच आला आणि मासा फांदीवर आपटायला लागला. त्या दिवशी मी किल्ल्याकडे वर पाहिलंही नाही.

मार्चच्या मध्याला मात्र माझ्याकडून एक वाईट गोष्ट घडली, आणि ती लिहिल्याशिवाय हे कथन खरं होणार नाही.

तळ्याच्या वरच्या अंगाला खडकाळ मोकळी जमीन आहे. तिथून गुरांची रांग आणि मागे किल्ला असं दृश्य मिळेल म्हणून मी पोटावर झोपले होते. दोन टिटव्या डोक्यावर घिरट्या घालत ओरडत होत्या. टिटवी ओरडतेच, म्हणून मी लक्ष दिलं नाही. उलट त्यांचेच फोटो काढले. एक टिटवी माझ्यापासून दहा-बारा पावलांवर उतरली आणि पंख मोडल्यासारखा फरफटत चालायला लागली. मला वाटलं जखमी आहे. मी तिच्या मागे थोडी सरकले, ती आणखी पुढे गेली. ऊन चढत होतं. असा पाऊण तास गेला.

गुरं राखणारे आजोबा लांबून हात करत होते. जवळ आल्यावर त्यांनी काठीने माझ्या डाव्या कोपरापासून हातभर अंतरावर दाखवलं. "ताई, तिथे अंडी आहेत. हळू उठा, आणि इकडच्या अंगाने या."

मी बघितलं तरी पहिल्यांदा काही दिसलं नाही. मग खड्यांमधले चार खडे वेगळे झाले. मातकट, काळे डाग, निमुळती टोकं आत वळवून नीट मांडलेली. घरटं म्हणावं असं काहीच नाही, नुसता उथळ खळगा. "पंख मोडलेला नाही तिचा," आजोबा म्हणाले. "तुम्हाला अंड्यांपासून लांब न्यायला बघत होती."

टिटवी साधारण चार आठवडे अंडी उबवते. कडक उन्हात तिचं काम ऊब देण्याचं नसतं, अंड्यांवर सावली धरण्याचं असतं. पोटाची पिसं पाण्यात भिजवून आणून ती अंडी गार ठेवते. मी त्या पाऊण तासात तिला तिथे येऊ दिलं नव्हतं. आजोबांबरोबर बांधाकडे आले आणि मागे वळून पाहिलं, तर ती धावत येऊन खळग्यावर बसली होती. पुढे त्या अंड्यांचं काय झालं, मला कळलं नाही. पुढच्या फेऱ्यांत मी त्या बाजूला गेलेच नाही. त्या सकाळचे टिटवीचे फोटो चांगले होते, डोळ्यातली चमकसुद्धा आली होती. ते मी ठेवले नाहीत.

जागेचं नाव न लिहिण्याचं कारण हेच. फोटो कुठे काढला त्याचे अक्षांश-रेखांश फोन आणि काही कॅमेरे फाईलमध्येच लिहून ठेवतात. घरटं, पिल्लं, बिळं यांचे फोटो कोणाला पाठवायचे तर ती माहिती आधी काढून टाकावी. आणि पक्षी सतत ओरडतोय, पुन्हा पुन्हा आपल्याच अंगावर येतोय, लंगडतोय, तर तो चांगला फोटो नाही, ती आपल्याला तिथून उठायची सूचना आहे. मला ती सूचना आजोबांनी शब्दांत सांगेपर्यंत कळली नव्हती, याचं अजून वाईट वाटतं.

शिवाराच्या दृश्यांकडे मी सगळ्यात सोपी म्हणून पाहत होते. शेत कुठे पळून जात नाही. पण सुरुवातीचे फोटो बघताना डोळा कुठे थांबतच नव्हता. वर आभाळ, खाली हिरवं, मध्ये टेकडीची रेघ. रुंद लेन्स लावून सगळं आत घ्यायचा मोह त्याच्या मुळाशी होता. रुंद लेन्स लांबच्या गोष्टी आणखी लहान करते. तिला पायाशी काहीतरी लागतं: नांगरटीची तास, पाटाचं वळण, बांधावरचा एखादा दगड. १८ मिलिमीटर आणि एफ ८ (एफचा आकडा जितका मोठा, तितकं लेन्सचं छिद्र बारीक) असं ठेवून साधारण दोन मीटरवर फोकस केला, तर माझ्या कॅमेऱ्यात एक मीटरपासून क्षितिजापर्यंत सगळं स्पष्ट येतं. हा एक आकडा पाठ केल्यावर पहाटेच्या घाईत फोकस शोधत बसावं लागलं नाही. एफ २२ पर्यंत जाऊन जास्त खोली मिळेल असं वाटायचं, पण इतकं बारीक छिद्र केलं की प्रकाश कडांवर वाकतो आणि सगळंच किंचित मऊ होतं. लहान सेन्सरवर एफ ११ च्या पुढे मी जात नाही.

माझा शिवाराचा सगळ्यात आवडता फोटो मात्र लांब लेन्सने, बुरुजावरून काढलेला आहे. जानेवारीत धुकं तळ्यावरून उठून बांधांच्या मधल्या पट्ट्यांत अडकलं होतं. ३०० मिलिमीटरमधून बांधामागे बांध, प्रत्येक आधीच्यापेक्षा थोडा फिका, आणि त्यातून एक माणूस दोन गुरं घेऊन चाललेला. चेहरा दिसत नाही, नुसती आकृती. चेहरा दिसणार असेल तर मी आधी विचारते. शेतात शिरण्याआधीही विचारते, आणि पेरलेल्या वाफ्यात पाय टाकत नाही. विचारल्यावर नकार फक्त एकदा मिळाला. बाकी वेळी लोकांनीच चांगल्या जागा दाखवल्या, कारण ऊन कुठून येतं हे त्यांना माझ्या वहीपेक्षा कितीतरी आधीपासून माहीत होतं.

आभाळाचा प्रश्न जुनाच आहे. जमिनीसाठी उजेड धरला की आभाळ पांढरं होतं, आभाळासाठी धरला की जमीन काळी. गुस्ताव्ह ल ग्रे या फ्रेंच छायाचित्रकाराने १८५० च्या दशकात समुद्राचे फोटो काढताना आभाळाची एक आणि पाण्याची एक अशा दोन निगेटिव्ह एकाच कागदावर उतरवल्या होत्या, कारण त्या काळचं रसायन निळ्याला फार संवेदनशील होतं आणि आभाळ कोरं जायचं. आज ट्रायपॉडवर दोन एक्सपोजर घेऊन तेच करता येतं. मी बहुतेक वेळा करत नाही. सूर्य मावळल्यावर पंधरा मिनिटं थांबते, तेवढ्यात आभाळ आणि जमीन आपणच एकमेकांजवळ येतात. खिंडीत पहिल्या दिवशी मी हताश होऊन कॅमेरा बॅगेत भरला होता, तेव्हा खरं तर ही वेळ सुरू होत होती.

ल ग्रेचं नाव मला मुळात किल्ल्यामुळे भेटलं. जुन्या वास्तूंचे फोटो कसे काढावेत हे शोधताना १८५१ सालच्या एका मोहिमेबद्दल वाचलं. फ्रान्समधल्या ऐतिहासिक वास्तू जतन करणाऱ्या सरकारी आयोगाने पाच छायाचित्रकार नेमले: बाल्दुस, बायार, ल ग्रे, ल सेक आणि मेस्त्राल. देशाचे भाग वाटून घेऊन त्यांनी दुरुस्तीची गरज असलेल्या वास्तूंचे फोटो काढले. फोटो शोभेसाठी नव्हते. दगड कुठे सुटलाय, कमान कुठे खचलीय, हे दिसावं म्हणून होते. आयोगाने ते छापून प्रसिद्ध केले नाहीत, दप्तरी लावून ठेवले. हे वाचल्यावर मी बुरुजाकडे वेगळ्या नजरेने बघायला लागले. तोवर मला आभाळाच्या पार्श्वभूमीवरचा देखणा बुरूज हवा होता. आता वाटायला लागलं, हा बुरूज आज जसा आहे तसा नीट नोंदवावा.

नीट नोंदवायचं तर भिंती सरळ याव्या लागतात. खाली उभं राहून कॅमेरा वर केला, की उभ्या कडा वरच्या बाजूला एकमेकींकडे झुकतात आणि बुरूज मागे पडतोय असं दिसतं. सेन्सर भिंतीला समांतर असेल तरच कडा सरळ राहतात. म्हणून मागे जायचं, जमलं तर उंचावर जायचं, कॅमेरा पातळीत धरायचा आणि खालची जास्तीची जमीन नंतर कापून टाकायची. यासाठी वर सरकवता येणाऱ्या खास लेन्सही मिळतात, पण माझ्याकडे नाही. समोरच्या उतारावरची एक सपाट शिळा शोधली, ती जवळजवळ बुरुजाच्या मध्याच्या उंचीवर आहे. तिथून काढलेल्या फोटोंत बुरूज ताठ उभा आहे. अनेक संरक्षित वास्तूंत ट्रायपॉडला आधी परवानगी लागते, तेव्हा ते निघण्याआधी विचारून घेतलेलं बरं.

आणि मग तो शिलालेख. दरवाजातून आत गेल्यावर आतल्या एका भिंतीवर, खांद्याच्या उंचीला. पहिल्या दिवशी मी त्याच्यासमोरून दोनदा गेले होते आणि दिसला नव्हता. अक्षरं इतकी झिजलेली, की बोट फिरवलं तर लागतील पण डोळ्यांना ठरत नाहीत. कोणीतरी कधीतरी त्यात खडू घासला होता, त्याचे पांढरे कण खाचांत अडकून राहिलेले. खडू, पीठ, पाणी, तेल, यातलं काहीही दगडाला लावू नये. खडू घासणारा जे अक्षर त्याला दिसतं तेच ठळक करतो, आणि तो चुकला असेल तर पुढचा माणूस ती चूकच वाचतो. वर दगड खराब होतो ते वेगळंच.

अशा अक्षरांना हवा असतो भिंतीला घासत जाणारा तिरका उजेड. समोरून पडलेल्या उजेडात खाच आणि सपाटी सारखीच उजळते. बाजूने, अगदी लहान कोनात आला, तर इवलीशी खाचसुद्धा आपल्या खोलीच्या कितीतरी पट सावली टाकते. डिसेंबर ते मार्च दर फेरीत मी त्या भिंतीवर ऊन कधी येतं याची वाट पाहिली. पहाटे नाही, दुपारी नाही, संध्याकाळी नाही. टॉर्च बाजूने धरून पाहिली. दिवसाच्या उजेडात ती फिकी पडायची, आणि अंधार पडू लागल्यावर जवळची अक्षरं उजळून लांबची काळोखात राहायची, कारण उजेड अंतराच्या वर्गाने कमी होतो. दोन मीटर रुंद लेखाला हातातली टॉर्च पुरत नाही.

शेवटी फोनवरच्या होकायंत्राने भिंतीचं तोंड मोजलं. नेमकं उत्तर. तेव्हा कोडं सुटलं. उत्तर गोलार्धात हिवाळ्यात सूर्य पूर्वेच्या दक्षिणेला उगवतो आणि पश्चिमेच्या दक्षिणेला मावळतो. उत्तरेकडे तोंड असलेल्या भिंतीला तो त्या काळात दिवसभरात एकदाही दिसत नाही. २१ मार्चच्या सुमारास तो नेमका पूर्वेला उगवतो, आणि त्यानंतर सप्टेंबरपर्यंत पूर्वेच्या उत्तरेला. म्हणजे मार्चनंतर रोज सकाळी थोडा वेळ त्या भिंतीवर ऊन येणारच होतं, आणि तेही कडेने. सूर्याची दिशा दाखवणाऱ्या ॲपमध्ये तारखा पुढे सरकवून पाहिल्या. एप्रिलच्या मध्याला तो पूर्वेपासून दहा-अकरा अंश उत्तरेला उगवणार होता. कॅलेंडरवर खूण केली. त्यानंतरच्या दोन फेऱ्यांत भिंतीकडे फक्त मोजमापासाठी गेले: ट्रायपॉड कुठे ठेवायचा, किती अंतरावर, कोणती लेन्स. मधल्या वाळक्या गवताची सावली आड येईल का, हेही पाहून ठेवलं.

घरच्या कामावर फार लिहिण्यासारखं नाही. आल्या रात्री सगळ्या फाईल दोन वेगळ्या ठिकाणी उतरवते आणि मगच कार्ड रिकामं करते. निवड मात्र त्या रात्री करत नाही, आठवडाभराने करते. त्या रात्री प्रत्येक फोटोला पहाटेची थंडी चिकटलेली असते. किल्ल्याच्या फोटोंना तारीख, वेळ, दिशा आणि कुठून काढला हे लिहून ठेवते. पक्ष्यांच्या फोटोंना यातलं शेवटचं कधीच नाही.

एप्रिलातली ती सकाळ. सूर्य उगवला तेव्हा मी भिंतीसमोर होते, पण पूर्वेकडचा तट आड येत होता. भिंत राखाडी होती, नेहमीसारखीच. सव्वासहा, साडेसहा. ट्रायपॉड पातळीत, सेन्सर भिंतीला समांतर, एफ ८, आयएसओ १००, बाजूला दगडाला न टेकवता उभी धरलेली मोजपट्टी. पावणेसातच्या आधी तटावरून पहिली तिरीप आली आणि भिंतीच्या वरच्या कोपऱ्याला लागली. मग ती हळूहळू खाली उतरायला लागली.

अक्षरं एकदम उमटली नाहीत. आधी दगडावरचे छिन्नीचे घाव दिसले, भिंत घडवणाऱ्याने मारलेले, सगळे एकाच दिशेला कललेले. त्यात खडूच्या जुन्या रेघा निरर्थक वाटायला लागल्या. काही ठिकाणी त्या अक्षराच्या शेजारून गेल्या होत्या. मग पहिली ओळ, दुसरी. प्रत्येक खाचेची एक कड उजळ आणि दुसरी काळी. मी दर पाच मिनिटांनी एक फोटो घेत राहिले, कारण सूर्य चढत दक्षिणेकडे सरकत होता, कोन बारीक होत होता आणि दर वेळी वेगळी अक्षरं बोलत होती. आठच्या सुमारास ऊन भिंतीवरून जवळजवळ समांतर जायला लागलं. तेव्हा सहाव्या ओळीच्या खाली, जिथे मी चार महिने कोरा दगड समजत होते, तिथे आणखी एक ओळ होती. बाकीच्यांपेक्षा लहान अक्षरांत, उजवीकडे थोडी चढत गेलेली. सव्वाआठला भिंत पुन्हा सावलीत गेली आणि ती ओळ पुसल्यासारखी नाहीशी झाली. जिथे होती तिथे बघूनही मला ती सापडेना.

खाली उतरले तर आजोबा विहिरीपाशी गुरांना पाणी पाजत होते. त्यांना कॅमेऱ्याच्या पडद्यावर फोटो मोठा करून दाखवला. त्यांनी डोळ्यांवर हाताची सावली धरली, मग पडद्याला न लावता बोट वरून खाली नेत ओळी मोजल्या. एकदा मोजून झाल्यावर परत मोजल्या.

"सात आहेत होय?" ते म्हणाले. "लहानपणी आम्ही सहाच मोजायचो."